गाव म्हणजे कोण? गोव्यातली जमीन, ग्रामसभा आणि पाहुण्यांच्या खोल्या

गोव्यात, विशेषतः बार्देशातल्या आसगाव, शिवोली, हणजूण या पट्ट्यात, ग्रामसभा भरली की एक वाद हमखास निघतो. शेजारचं जुनं घर विकलं गेलं, तिथे आता दर आठवड्याला नवे पाहुणे. पाण्याचे टँकर, रस्त्याकडेला कचरा, उत्तररात्रीपर्यंत गाणी. एक जण म्हणतो, ‘हे बंद करा.’ दुसरा उठतो, ‘माझ्या दोन खोल्यांच्या भाड्यावर पोरं शिकली. माझंही बंद करणार?’ दोघांचंही खरं असतं. हात वर होतात, ठराव होतो, आणि पुढे फारसं काही घडत नाही. का घडत नाही? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

गोव्यात गावची जमीन पूर्वी गावकारीकडे होती. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणू लागले. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने तिसवाडीतल्या गावकरांच्या चालीरीती लिहून काढल्या. म्हणजे संस्था त्याहून जुनी. भातशेतांची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव. आलेल्या पैशातून राज्याचा सारा, खाजन शेतांचे बांध, देवळाचा आणि गावसेवेचा खर्च भागायचा. उरेल ते पुरुष गावकरांत वाटलं जायचं.

याचं आज फार गोड चित्र रंगवतात. पण बैठकीत बसायचं कोणी? मूळ घराण्यांतल्या पुरुषांनी. बायका बाहेर. भाटकाराच्या जमिनीवर झोपडं बांधून पिढ्यान् पिढ्या राहणारा मुंडकार बाहेर. तो गावात राहायचा, पण गावाच्या हिशेबात नव्हता. मुक्तीनंतर, १९६४ चा कूळ कायदा, त्यातली १९७६ ची दुरुस्ती आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी हे बदललं. जो कसतो, जो राहतो, त्याला हक्क मिळू लागला. हा बदल लहान नव्हता.

पण त्याच काळात आणखी दोन कायदे आले, आणि आजच्या वादाची गाठ तिथे आहे. १९७४ च्या नगरनियोजन कायद्याने जमिनीचा वापर ठरवण्याचं काम एका खात्याकडे गेलं. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने पैसे घेऊन पर्यटक उतरवणाऱ्यावर पर्यटन खात्याकडे नोंदणीचं बंधन घातलं. तेव्हा कळंगुट-बागा भागात घरातलीच एखादी खोली पाहुण्याला दिली जायची, घरची माणसं शेजारच्या खोलीत. आख्खं घरच पाहुण्यांसाठी आणि मालक मुंबई-पुण्याला किंवा दिल्लीला, हे तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं. आता बघा, जमीन एका दारी, पाहुणे दुसऱ्या दारी, आणि कचरा मात्र पंचायतीच्या दारी!

गावाने एकदा ही दारं ठोठावली होती. २००६ साली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ जाहीर झाला, आणि शेतं, डोंगर बांधकामाला खुले होताहेत हे लोकांनी नकाशावरच वाचलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद असलेला कृतिगट बसला आणि नकाशे गावोगाव सूचनांसाठी गेले. आपल्या वाड्याचा नकाशा लोक पहिल्यांदाच जमिनीवर पसरून बघत होते.

पण आराखडा लोकांनी मिळून केला तरी तो तुकड्यातुकड्याने बदलता येतो. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातली ‘चूक’ दुरुस्त करायची म्हणून अर्जावरून एकेका भूखंडाचा वापर बदलायची सोय झाली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. मधल्या काळात ग्रामसभा काय करत होत्या? ठराव.

मग खोल्यांच्या वादात काय करावं? आम्हाला वाटतं, ‘बाहेरचा की आतला’ हा प्रश्न टाळावा. गावकारी तोच विचारायची, आणि राहणारी माणसं बाहेर ठेवायची. त्याऐवजी साधं विचारावं: पाहुणा उतरतो तेव्हा त्या घरात घरचं कोणी राहतं का? न्यूयॉर्कने २०२३ पासून हीच कसोटी लावली. तीस दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमान घरातच हवा, आणि पाहुणे दोनच. दोन खोल्यांवर पोरं शिकवणारा या कसोटीत अडकत नाही. कुलूपबंद बंगला अडकतो.

अर्थात नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तो कुठे ठरतो हेही तितकंच महत्त्वाचं. पर्यटन खात्याच्या नोंदणीआधी ग्रामसभेपुढे घराची माहिती येणार असेल, तर त्या वर केलेल्या हातांना काही अर्थ राहील. नाहीतर कसणाऱ्या-राहणाऱ्याला इतक्या उशिरा मिळालेलं गावपण पुन्हा कागदावरच उरेल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.