धुळीआडचे तरुण तारे



बमरोलीत राहणाऱ्यांना आकाश झाकोळणे नवे नाही. शेजारच्या पांडेसऱ्याच्या गिरण्यांचा धूर साचला की तारे असूनही दिसत नाहीत. ताऱ्यांच्या जन्मस्थळीही असाच पडदा असतो, धुळीचा. त्यापलीकडे पाहण्याच्या इतिहासात आपल्या मुंबईचा वाटा आहे; तो येथे मांडतो.

इ. स. १८०० मध्ये इंग्लंडात विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि त्यांत थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढला. तेच अवरक्त किरण.

वजनदार तारे बहुधा एकेकटे जन्मत नाहीत. असंख्य लहान भावंडांसह एकाच ढगात, पुंजक्याने जन्मतात. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे. सर्वांत वजनदार ताऱ्यांचे जेमतेम तीस-चाळीस लाख. म्हणून त्यांना दुपट्यात असतानाच पाहावे लागते. भोवतालची धूळ त्यांचा प्रकाश गिळून तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते.

यांतले लांब लहरींचे किरण हवेतली वाफ अडवते. १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनी त्यासाठी उपग्रह सोडला. थंडावा देणारे हेलियम संपताच दहा महिन्यांत तो थांबला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. एक मीटर आरशाची दुर्बीण पॉलिथिनच्या फुग्याला टांगून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंच पाठवली. काम झाले की ती हवाई छत्रीने खाली येई, दुरुस्त होई आणि पुन्हा उडे.

या दुर्बिणीने धुळीची ऊब मोजली. आतले तारे मात्र सुटे दिसले नाहीत. त्यासाठी आखूड लहरींचे अवरक्त किरण लागतात. ते धूळ बरीचशी भेदतात आणि डोंगरावरूनही टिपता येतात. त्याच संस्थेचे देवेंद्र ओझा यांनी जपानी सहकाऱ्यांसह हवाई बेटावरील २.२ मीटर दुर्बिणीतून ‘डब्ल्यू ३’ या ढगातला तरुण पुंज तपासला. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ मध्ये संस्थेचे असेच उपकरण लडाखमधील हानले येथे, ४,५०० मीटर उंचीवर बसले.

हिवाळ्यात संध्याकाळी गच्चीवर जाऊन उत्तरेला शर्मिष्ठा शोधा. ‘डब्ल्यू ३’ तिथेच आहे. डोळ्यांना दिसणार नाही. पण नातवंडांना जागा दाखवा आणि फुग्याची गोष्ट सांगा.