आपले गाव कोणते?

वाचकहो, भोपाळात आपल्या घरांच्या तीन-चार पिढ्या गेल्या. तरी कोणी ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारले, की आपल्या तोंडी सातारा, वाई किंवा रत्नागिरीचे नाव येते. त्यांतल्या वाईचाच इतिहास पाहू.

त्याआधी थोडे दूरचे उदाहरण. जर्मनीत नेकार नदीकाठी मारबाख हे लहानसे गाव आहे. चंद्राच्या गतीची कोष्टके करणारा टोबियास मायर १७२३ मध्ये आणि नाटककार शिलर १७५९ मध्ये तेथे जन्मला. दोघांनीही लहानपणीच गाव सोडले, तरी गावाने त्यांना आपले मानले. पुढे शिलरच्या नावाभोवती तेथे मोठा साहित्यसंग्रह उभा राहिला. प्रागमध्ये जन्मलेल्या काफ्काच्या ‘द ट्रायल’ या कादंबरीचे हस्तलिखितही आज तेथेच आहे.

आता कृष्णाकाठची वाई. तेथील ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. वाईचे म्हणून ओळखले जाणारे हे रास्ते मूळचे कोकणातले गोखले. जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांनी वाडा आणि घाट बांधला. त्यांचे भानू घराणे श्रीवर्धनचे, आणि नानांचा जन्म साताऱ्याचा. मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटासुद्धा पोर्तुगिजांची. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ती आणली, असे सांगतात.

विद्येच्या क्षेत्रातही तेच दिसते. प्राज्ञपाठशाळा नावारूपाला आणणारे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, कोकणातून आले. त्यांच्याकडे शिकायला १९१७ मध्ये गागोद्याचे विनोबा आले. खानदेशातल्या पिंपळनेरला १९०१ मध्ये जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी किशोरवयात येथे आले आणि वाईचेच झाले. त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला.

ज्यांच्यामुळे वाईचे नाव झाले, त्यांतले कितीतरी लोक असे बाहेरून आलेले होते. वाईने त्यांना मूळ गाव विचारून दूर ठेवले नाही, आणि त्यांनीही तेथे पाहुण्यासारखे दिवस काढले नाहीत.

आपला या भूमीशी संबंधही कालचा नाही. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळातच कोंडले, आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याचा तह झाला. पण त्या विजयावर आपला हक्क सांगून भागणार नाही. फौजा आल्या आणि गेल्या. आपली माणसे येथे राहिली. आजोबा येथे कधी आले, कोणत्या मोहल्ल्यात राहिले, काय शिकवले, काय उभारले, हे आपल्यापैकी किती घरांत लिहून ठेवले आहे? पेटीतली पत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडा. मुलांनी ‘आपण कुठले?’ असे विचारले, तर मूळ गावाचे नाव जरूर सांगा. पण त्याआधी भोपाळचे सांगा.