विसरणाचे अध्यापन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

वैज्ञानिक संकल्पनेचे दोन इतिहास असतात. ती संकल्पना प्रयोगशाळेत कशी सिद्ध झाली हा पहिला आणि ती शाळेच्या वर्गात कोणत्या रूपाने येऊन पोहोचली हा दुसरा. पहिल्या इतिहासाविषयी विपुल लेखन झालेले आहे. दुसरा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने दुसराच अधिक महत्त्वाचा असतो, कारण प्रयोगशाळेतून वर्गापर्यंतच्या प्रवासात संकल्पनेचा जो अंश गळून पडतो तो त्याला पुढे क्वचितच परत मिळतो. विसरण ही संकल्पना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे, आणि त्यासाठी भंडारा जिल्हा हे उचित क्षेत्र होय.

१

वायूंच्या विसरणाविषयीचे पद्धतशीर प्रयोग ग्लासगो येथे जन्मलेल्या टॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने १८२९ पासून प्रसिद्ध केले. १८५० च्या सुमारास तो द्रवांकडे वळला. क्षारांच्या द्रावणाने भरलेल्या बाटल्या पाण्यात ठेवून त्या दिवसेंदिवस न हलविता राहू देणे आणि नंतर बाहेर आलेल्या क्षाराचे मापन करणे, अशी त्याची रीत होती. ग्रॅहॅमच्या या मापनांना १८५५ मध्ये ॲडॉल्फ फिक याने गणिती नियमाचे रूप दिले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने रेणूंच्या यदृच्छ गतीवरून विसरणाची उपपत्ती मांडली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत झां पेरँ याच्या प्रयोगांनी तिला पुष्टी मिळाली.

या परंपरेत दोन गोष्टी मध्यवर्ती आहेत. विसरण अत्यंत मंद असते, व अंतर दुप्पट झाले तर लागणारा काळ चौपट होतो, ही पहिली. कोणताही रेणू विशिष्ट दिशेने जाण्याचे ठरवीत नाही. असंख्य रेणूंच्या दिशाहीन धडपडीतून समुदायाला मात्र दिशा प्राप्त होते, ही दुसरी. शालेय पाठात सामान्यतः याच दोन गोष्टी लुप्त होतात आणि उरते ती एका वाक्याची व्याख्या. हे का घडले याचा शोध घेण्यासाठी शिक्षणव्यवस्था, परिभाषा आणि प्रात्यक्षिक या तिहींचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

२

भंडारा जिल्ह्याने एका दशकात तीन राज्यांचा कारभार पाहिला. मध्य प्रांत व वऱ्हाड यांचे १९५० मध्ये मध्य प्रदेशात रूपांतर झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मध्य प्रांतात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा निर्माण झाल्या होत्या. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. विदर्भात प्राथमिक शाळांबरोबर हायस्कुलेही जिल्हा परिषदेच्या कक्षेत दिसतात, ते याच पूर्वेतिहासामुळे. खाजगी क्षेत्रात मनोहरभाई पटेल यांनी स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने या भागातील लहान गावांपर्यंत माध्यमिक शिक्षण नेले. पुढे १९६६ मध्ये राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ व १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी ‘बालभारती’ अस्तित्वात आली. १९७५ च्या मार्चमध्ये दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा झाली. १९९९ मध्ये गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला.

या घटनाक्रमाचा विसरणाच्या पाठाशी संबंध दुहेरी आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान व गणित सर्वांना आवश्यक करण्याची शिफारस केली. त्या विचाराने विज्ञान हा मोजक्या विद्यार्थ्यांचा ऐच्छिक विषय न राहता सर्वांचा विषय झाला. हा लाभ निःसंशय मोठा होता. परंतु विद्यार्थिसंख्या ज्या वेगाने वाढली त्या वेगाने प्रयोगशाळा वाढणे शक्य नव्हते. साधनांच्या अभावी पाठाचा भार शब्दावर पडला, आणि राज्यभर एकच परीक्षा असल्यामुळे तो शब्द एकसारखा व नेमका असणे हेच मुख्य ठरले.

३

तो शब्द कोठून आला, हे पाहणे उद्बोधक आहे. मध्य प्रदेशात १९५० मध्ये हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास डॉ. रघुवीर हे नागपूर येथे राहून संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे सर्व भारतीय भाषांना चालेल अशी परिभाषा रचीत होते. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले आणि परिभाषेचे कार्य पुढे चालू राहिले. ‘विसरण’ हा शब्द याच घडणीचा आहे. ‘सृ’ म्हणजे सरणे, जाणे. ‘वि’ उपसर्गाने त्यास पसरण्याचा अर्थ येतो. ‘अभिसरण’ आणि ‘परासरण’ हे शब्दही याच धातूपासून साधलेले आहेत. परासरणासाठी मराठी विश्वकोशाने मात्र ‘तर्षण’ ही निराळी संज्ञा स्वीकारली. तिच्या मुळाशी तहानेचा ‘तृष्’ धातू आहे.

संस्कृतज्ञाला ही रचना सुबक वाटेल. पण झाडीबोलीच्या प्रदेशातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या कानी ‘विसरण’ हा शब्द प्रथम पडतो तेव्हा त्याला ‘सृ’ धातू आठवत नाही. त्याला ‘विसरणे’ हे नित्य क्रियापद आठवते. ‘विस्मरण’ या निराळ्याच शब्दापासून आलेले हे क्रियापद रूपाने जुळे ठरले आहे. शिवाय विसरण, परासरण आणि अभिसरण हे तीन शब्द ध्वनीने इतके निकट आहेत, की घोकणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांची अदलाबदल करावी यात नवल नाही. याचा अर्थ परिभाषा चुकली असा नव्हे. ‘सरणे’ हे क्रियापद मराठीत जिवंत आहे. ‘पुढे सरा’ असे मुले रोज म्हणतात. त्या क्रियापदाशी नाते जोडून दिले तर शब्द उजळतो. परंतु हे नाते जोडण्याचे काम कोश करू शकत नाही, ते शिक्षकानेच करावे लागते.

व्याख्येतील अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे रेणूंचे जाणे’ या वाक्यातील ‘कडून’ आणि ‘कडे’ हे शब्द प्रवाशाला शोभणारे आहेत. ते ऐकून रेणूला मुक्कामाचे ठिकाण ठाऊक आहे आणि तेथे पोहोचताच तो विसावतो, असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात रेणू दोन्ही दिशांनी जातात. दाट भागात ते अधिक असल्यामुळे तिकडून येणारे अधिक भरतात, इतकेच. आणि समतोल झाल्यावरही हालचाल थांबत नाही. हा गैरसमज एकट्या मराठी वर्गाचा नाही. नोविक आणि नुसबाउम यांनी १९७८ मध्ये इस्राएलमधील विद्यार्थ्यांच्या कणविषयक कल्पना तपासल्या, तर ओडम व बॅरो यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत विसरण व तर्षण यांविषयीची निदान चाचणी प्रसिद्ध केली. कणांची अखंड गती विद्यार्थ्यांच्या मनात सहजासहजी रुजत नाही, हे अशा अभ्यासांतून पुढे आले आहे.

४

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. वर्गाच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावावी किंवा अत्तराची कुपी उघडावी आणि वास दुसऱ्या टोकाला पोहोचला म्हणजे विसरण सिद्ध झाले असे सांगावे, ही रूढ पद्धत आहे. हे उदाहरण हिशेबाला उतरत नाही. अत्तराच्या बाष्पाचा हवेतील विसरणांक साधारणतः दर सेकंदास ०.१ चौरस सेंटिमीटर धरला, तर निव्वळ विसरणाने पाच मीटर अंतर काटण्यास सुमारे दोन आठवडे लागतील. वास मिनिटा-दोन मिनिटांत येतो तो हवेच्या झुळुकांमुळे व अभिसरणामुळे. म्हणजे विसरणाचा पुरावा म्हणून जे दाखविले जाते ते बहुतांशी अभिसरणच असते.

पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकण्याच्या प्रयोगाचीही तीच गत आहे. पाण्यात विसरणांक दर सेकंदास सुमारे ०.००००१५ चौरस सेंटिमीटर असतो. त्या मानाने एक सेंटिमीटर पसरण्यास सुमारे नऊ तास आणि दहा सेंटिमीटर पसरण्यास त्याच्या शंभरपट, म्हणजे सुमारे अडतीस दिवस लागतात. तासिका संपण्यापूर्वी चंचुपात्र जांभळे झाले, तर ते पाण्यातील प्रवाहांनी केलेले असते. ग्रॅहॅमने आपल्या बाटल्या न हलविता ठेवण्याची जी दक्षता घेतली तिचे कारण हेच. पाऊणेक तासाच्या तासिकेत बसविण्यासाठी वर्गाने विसरणातून काळच वजा केला.

५

याला उपाय दूर शोधण्याचे कारण नाही. ग्रॅहॅमनेच १८६१ मध्ये नमूद केले होते, की खळीसारख्या गोठलेल्या पदार्थात क्षाराचे विसरण पाण्यातल्यासारखेच जवळपास त्याच वेगाने होते. अशा पदार्थात प्रवाह निर्माण होत नाहीत, म्हणून तेथे दिसते ते शुद्ध विसरण. किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ या नावाने मिळणारा अगर उकळून परीक्षानळीत गोठवावा, वर रंगीत शाई ओतावी आणि रोज मोजपट्टीने रंगाची सीमा नोंदवावी. पहिल्या दिवशी ती जितकी उतरेल त्याच्या सुमारे दुप्पट चौथ्या दिवशी आणि तिप्पट नवव्या दिवशी उतरलेली आढळेल. वर्गमूळाचा नियम विद्यार्थ्याला स्वतःच्या वहीत सापडेल, आणि त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा लागणार नाही.

जिल्ह्याचे जीवनही या पाठाला साहाय्यक आहे. भंडारा हा धानाचा आणि मालगुजारी तलावांचा प्रदेश. धानाच्या बांधीत पाणी साचले की खालच्या मातीला हवा मिळेनाशी होते, कारण ऑक्सिजनचे विसरण हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजारपट मंद असते. इतर अनेक पिके अशा वेळी गुदमरतात. धान तगते, कारण त्याच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असून त्या वाटेने ऑक्सिजन खाली पोहोचतो. काळपट चिखलातून धानाचे रोप उपटले असता मुळांवर तांबूस लेप दिसतो. मुळांतून बाहेर झिरपलेल्या ऑक्सिजनने मातीतील लोहाचे केलेले ते रूपांतर होय. रोवणीच्या हंगामात चिखलात उतरणाऱ्या मुलांनी हा लेप पाहिलेला असण्याचा संभव आहे. तो विज्ञानाच्या पुस्तकातील विषय आहे, हे मात्र त्यांना कोणीतरी सांगावे लागते.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्राचीन काळी अनेक देशांत पितळ तयार करण्याची एक रीत अशी होती, की बंद मुशीत जस्ताची वाफ घन तांब्यात शिरू द्यावी. हे घन पदार्थातील विसरणच होय. १८९६ मध्ये रॉबर्ट्‌स-ऑस्टिन याने शिशात सोन्याचे विसरण मोजून घन धातूंतही ते घडते हे दाखवून दिले. मोहाडी परिसरातील कोशाच्या धाग्याला रंग देताना रंग तंतूच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यास वेळ द्यावा लागतो, यातही तेच तत्त्व आहे.

स्थानिक उद्योगाच्या आधाराने शिकविण्याचा विचार या भूभागाला नवीन नाही. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेने हाच विचार देशापुढे ठेवला. पूर्वी याच प्रांतात असलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. वर्गात प्रयोग करणे ग्रामीण शाळांना अशक्य नाही, हे त्या तीस वर्षांनी सिद्ध केले. आणि परीक्षा व प्रशासन यांची साथ टिकली नाही तर उत्तम उपक्रमही मावळतो, हेही.

६

या विवेचनावरून शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. मोठा वर्ग, मर्यादित तासिका आणि समोर परीक्षा अशा स्थितीत व्याख्या हाच त्याचा आधार असतो, आणि नेमकी व्याख्या हीही शिक्षणातील मोलाची गोष्ट आहे. प्रश्न व्याख्येच्या पूर्वी काय येते हा आहे. उदबत्तीचा वास हे विसरण असे सांगितलेला विद्यार्थी पुढे अभिसरण शिकतो तेव्हा दोन विधानांतील विसंगती त्याच्या ध्यानी येत नाही, किंवा ध्यानी येऊनही तो गप्प राहतो. यातून विज्ञान म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवून सांगितलेले लिहिणे, अशी त्याची धारणा होते. ही हानी एका संकल्पनेपुरती मर्यादित नाही.

विसरणाच्या इतिहासात ज्यांनी भर घातली त्यांनी प्रथम वाट पाहिली आणि मग मोजले. शाईची ती सीमा नऊ दिवस मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती व्याख्येबरोबर तो काळही परत येतो.