राजधानीच्या वेशीतून

मोझरीहून अचलपूर फार दूर नाही. तरीही ‘वऱ्हाडची जुनी राजधानी कोणती?’ असे मी गावातल्या मुलांना विचारले, तेव्हा कुणी अमरावती म्हणाले, कुणी नागपूर. मग एका रविवारी पंधरा मुलांना घेऊन मी अचलपूर पायी पाहायला गेलो. वाट दाखवायला तिथलेच एक वृद्ध चाचा सोबत होते.

आम्ही दुल्हा दरवाज्यापाशी थांबलो. बहमनी राज्य खिळखिळे झाले, तेव्हा १४९० च्या सुमारास इथला सुभेदार फतहउल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला. ती वऱ्हाडची इमादशाही आणि हे एलिचपूर तिची राजधानी. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने ती जिंकली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. पुढे निजाम आला, नवाब आले. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १९०५ मध्ये तर एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन झाला.

एक मुलगा म्हणाला, “मंग ही त त्याहीची राजधानी झाली नं, गुरुजी! आपली कशी?”

चाचा दुसरीकडे पाहू लागले. मला बोलता येईना. वर्गात मीही वर्षानुवर्षे ‘त्यांची राजवट’ असेच शिकवत आलो होतो.

मग मी मुलांना फतहउल्लाची हकीकत सांगितली. फिरिश्ता लिहितो, की तो विजयनगरकडचा, हिंदू घरात जन्मलेला. लढाईत लहानपणीच पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला आणि अखेर इथला राजा झाला. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दरवाज्यावर आजही दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला दिसतो. आता या माणसाला कोणत्या रकान्यात घालायचे? आणि राजा कुणीही असो, सारा भरणारा कुणबी आणि दगड घडवणारा पाथरवट इथलेच होते ना?

गावाबाहेरचा हौज कटोरा पाहिला. हौदात उभा असलेला तो अष्टकोनी मनोरा मुले बराच वेळ न्याहाळत होती. चाचा त्यांना एकेक कमान दाखवत होते.

सामुदायिक प्रार्थनेच्या वेळेआधी गुरुकुंजात परतायचे होते, म्हणून मी घाई केली. गाडीत चढताना तोच मुलगा मागे वळला.

“चाचा, आमच्या मोझरीले कधी येता?”