रद्द झालेले कायदे

कायदा रद्द झाला म्हणजे तो नाहींसा झाला, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं.

न्यायमूर्ति रौलट यांच्या समितीच्या १९१८ च्या अहवालांतील पहिलें प्रकरण मुंबई इलाख्याचें. पुण्यांतील १८९७ चा रँडवध त्यांत आहे. महायुद्धांत मिळालेले खास अधिकार शांततेंतही हातीं राहावे, म्हणून सरकारनें १९१९ च्या मार्चांत रौलट कायदा केला. केवळ संशयावरून एखाद्याकडून जामीन-मुचलका घ्यावा, राहण्याची हद्द नेमून द्यावी, घर बदलल्यास कळविण्यास व पोलिसांपुढें हजिरी देण्यास भाग पाडावें, अशी त्यांत तरतूद होती. चौकशी बंद दाराआड होणार. संशयितास वकील मिळणार नव्हता. लोक खवळले, आणि त्याच क्षोभाच्या दिवसांत, १३ एप्रिलला, जालियनवाला बागेंतील कत्तल घडली. प्रत्यक्ष न वापरतांच हा कायदा १९२२ सालीं रद्द झाला. पण त्यामागील विचारसरणी रद्द झाली नाहीं.

स्वराज्यांतलें उदाहरण पाहा. पोटा कायदा २००२ सालीं आला व २००४ सालीं रद्द झाला. परंतु त्याच वर्षीं त्यांतील अनेक कलमें १९६७ च्या बेकायदेशीर कृत्यें प्रतिबंधक कायद्यांत जाऊन बसलीं. गुपचूप टिपलेलें संभाषण पुराव्यांत घेण्याची तरतूदही त्यांतच आली.

दहशतवाद खोटा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. निरपराध माणसें त्यांत मरतात. परंतु संशय खरा कीं खोटा, हें उघड्या न्यायालयांतच ठरलें पाहिजे. म्हणून एखादा कायदा रद्द झाल्याची वार्ता आली, कीं त्याचीं कलमें कोठें गेलीं, हेंही आपण विचारावें.