गिझरची दुरुस्ती आणि बदल

घरगुती गिझर अर्थात साठवण विद्युत जलतापक नादुरुस्त झाल्यास त्याची दुरुस्ती करावी की तो बदलावा, हा निर्णय मुख्यतः बिघाड कोणत्या भागात आहे यावर अवलंबून असतो. कॉइल, थर्मोस्टॅट, झडप यांसारखे सुटे भाग बदलता येतात. मात्र आतील टाकी गंजून गळू लागल्यास उपकरण बदलणे हाच सहसा एकमेव उपाय उरतो. वीज आणि पाणी एकत्र येत असल्यामुळे या निर्णयात खर्चाइतकाच सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात गिझरचा प्रसार होण्यापूर्वी स्नानाचे पाणी तापवण्यासाठी तांब्याचा बंब वापरत. त्याच्या मधल्या नळीत लाकूड वा कोळसा जाळून सभोवतालचे पाणी तापवले जाई. बंबाला भोक पडल्यास तांबट ते डाख लावून बुजवत असे. आधुनिक गिझरच्या टाकीला हा उपाय सहसा लागू पडत नाही.

'गिझर' हा शब्द आइसलँडमधील 'गेसिर' या उष्ण कारंज्याच्या नावावरून आला. लंडनमधील बेंजामिन मॉगन यांनी १८६८ साली आपल्या गॅसवरील जलतापकाला हे नाव दिले होते.

रचना

गिझरमध्ये आतील टाकी, पाणी तापवणारी कॉइल, ठरावीक तापमानाला वीजप्रवाह थांबवणारा थर्मोस्टॅट, तो निकामी झाल्यास वीज तोडणारा थर्मल कट-आउट, दाब कमी करणारी सुरक्षा झडप आणि उष्णतारोधक फोमचे आवरण असते. पोलादी टाकीला आतून काचेसारख्या इनॅमलचा लेप दिलेला असतो. लेपातील सूक्ष्म भेगांतून गंज पकडू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा दांडा (अ‍ॅनोड) बसवतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते आधी झिजते व टाकी वाचते. दांडा पूर्ण झिजल्यावर टाकी गंजू लागते.

बिघाडाची कारणे

दुष्फेन पाणी तापवल्यावर त्यातील विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर कॉइलवर साचतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि अखेर जळते. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही अडचण विशेष जाणवते. पाणी तापताना येणारा खडखडाट किंवा सूं-सूं आवाज हे अशा थराचे लक्षण असते.

दुरुस्तीयोग्य बिघाड

* पाणी मुळीच तापत नाही: कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कट-आउट निकामी झालेला असतो. बिघाड गिझरबाहेरही असू शकतो. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे सैल झालेले सॉकेट वितळल्याची उदाहरणे आढळतात.
* पाणी अतिशय तापते: थर्मोस्टॅट बदलावा लागतो.
* गिझर सुरू करताच गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) पडतो: कॉइलचे आवरण फुटलेले असण्याची शक्यता असते. कॉइल बदलेपर्यंत गिझर वापरू नये.
* कॉइलच्या जोडापाशी पाणी झिरपते: गॅस्केट बदलून गळती थांबू शकते.

सुरक्षा झडपेतून थेंब पडणे हा नेहमीच बिघाड नसतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास त्याचे आकारमान सुमारे ३५० मिलिलिटरने वाढते. गार पाण्याच्या नळीवर एकमार्गी झडप असल्यास हे जादा पाणी सुरक्षा झडपेतून बाहेर पडते. गळती समजून ती झडप बंद करणे अत्यंत धोकादायक आहे.

बदल आवश्यक असणारी स्थिती

टाकीच्या अंगातून गळती, गरम पाण्यात सतत येणारा गंज आणि बाहेरील कवचाखालून झिरपणारे पाणी ही टाकी निकामी झाल्याची लक्षणे होत. गंजके पाणी केवळ गरम नळालाच येते का, हे आधी पाहावे. गार नळालाही येत असल्यास दोष जलवाहिनीत असतो. इनॅमलचा लेप असलेल्या टाकीला वेल्डिंग केल्यास उष्णतेने लेप तडकतो, म्हणून ती सांधत नाहीत.

खर्चाचा विचार

टाकी सुस्थितीत असेल आणि हमीचा कालावधी शिल्लक असेल, तर दुरुस्ती श्रेयस्कर ठरते. टाकीची हमी अनेकदा सुट्या भागांच्या हमीपेक्षा अधिक वर्षांची असते. उपकरण जुने असून दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक येत असेल, तर बदल करावा, असा ढोबळ संकेत आहे.

वीजबचतीसाठी चालू स्थितीतील गिझर बदलण्याचा लाभ मर्यादित असतो. कॉइल जवळजवळ सर्व विजेचे उष्णतेत रूपांतर करते. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवण्यास जुन्या वा नव्या गिझरला सुमारे १ युनिटच लागते. तारांकित गिझरमधील बचत ही साठवलेल्या पाण्याची उष्णता टिकवण्यात असते. त्यामुळे गिझर दिवसभर सुरू ठेवणाऱ्या घराला तिचा लाभ होतो, तर स्नानापूर्वी अर्धा तास लावणाऱ्यास तो अल्प मिळतो. सौर जलतापक किंवा उष्णता पंप बसवल्यास मात्र विजेचा वापर लक्षणीय घटतो.

सुरक्षितता

गिझर उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून टाकी रिकामी करावी. वारंवार पडणारा कट-आउट वगळून थेट जोडणी देऊ नये. थर्मोस्टॅट, कट-आउट आणि झडप तिन्ही निकामी झाल्यास बंद टाकीतील दाब वाढून स्फोट होऊ शकतो. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर नवा गिझरही सुरक्षित नसतो. गॅस गिझरच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन विषारी वायूचा धोका असल्याने, ज्वाला निळी न राहता पिवळी झाल्यास वापर तत्काळ थांबवावा.

हे सुद्धा पहा

* बंब
* सौर जलतापक
* दुष्फेन पाणी