माहूरची फेरी आणि रायबागन

माहूर ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. साडेतीन शक्तिपीठांतील रेणुकेचे हे ठाणे. जमदग्नी, परशुराम, दत्तात्रेय, अनसूया या सर्वांची नावे येथील शिखरांशी आणि तीर्थांशी जडलेली आहेत. दत्तात्रेय कोल्हापुरास भिक्षा मागतात व निद्रेस माहुरास येतात, अशी श्रद्धा आहे. महानुभाव पंथाचे देवदेवेश्वरही येथेच. हल्ली मोटार डोंगरावर जाते. यात्रेकरू रेणुकेचे दर्शन घेतात, तेथून दत्तशिखर, तेथून अनसूया, आणि तिसऱ्या प्रहरी परत. पुण्य पदरी पडते यात संशय नाही. परंतु या स्थळांना एकत्र बांधणारा जो डोंगर, तो मात्र पाहावयाचा राहून जातो. तो पाहावयाचा तर पायांनीच पाहिला पाहिजे.

श्रावणी पौर्णिमेस येथे परिक्रमा होते आणि हजारो माणसे चालतात. मला स्वतःला माघाचा शेवट अधिक पसंत आहे. त्या वेळी सागाची पाने गळून रान मोकळे झालेले असते, पळस फुलू लागलेला असतो, आणि पावसाळ्यात हिरवळीखाली दडलेली डोंगराची हाडे उघडी पडतात. इतिहास वाचणाऱ्यास हिरवळीपेक्षा हाडांचा उपयोग जास्त.

अजिंठ्याकडून पूर्वेस आलेली सातमाळ्याची रांग येथे पैनगंगेच्या खोऱ्याशी येऊन भिडते. पहाटे गावातून निघावे तो खोऱ्यात धुके साचलेले असते आणि कानटोपीवाचून चालवत नाही. प्रथम पांडवलेणी लागतात. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती राष्ट्रकूटांच्या काळातील समजतात. तेथून रेणुकेचा डोंगर चढून किल्ल्याकडे वळावे. दहा वाजेपर्यंत कानटोपी खिशात जाते आणि बाराच्या सुमारास काळा दगड असा तापतो की हात टेकवत नाही. मग कधी कधी पश्चिमेकडून ढग येतात, वारा एकाएकी पडतो, आणि तासाभरात टपोरे थेंब किंवा गाराही येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यातील गहू-हरभऱ्याचे जे झाले ते आपण विसरला नसाल. डोंगरावर अशा वेळी आडोसा कोठे आहे आणि पाणी कोठे आहे, या दोनच गोष्टी माणसाला सुचतात.

किल्ल्याची सारी रचनाही याच दोन गोष्टींवर उभी आहे. लातूर, उदगीर, औसा या बाजूच्या श्रोत्यांस किल्ला म्हटला म्हणजे भुईकोट आठवतो, म्हणजे सपाट रान, खंदक आणि जाड तट. माहूरचा प्रकार निराळा. येथे डोंगराच्या दोन जवळजवळच्या सोंडा आहेत. पूर्व-पश्चिमेस कडे असल्यामुळे तेथे तटाची गरज पडली नाही. उत्तर-दक्षिणेस मात्र भक्कम तट आणि दरवाजे घातले. दोन सोंडांच्या मधल्या खळग्यास बांध घालून प्रचंड तलाव केला. मोटारीने आलेल्यास हत्ती दरवाजा दिसतो, तो त्याचे छायाचित्र घेतो. परंतु दुपारच्या उन्हात चालत आलेला मनुष्य आधी तलावाकडे पाहतो. माझ्या मते किल्ला समजून घेण्याचा तोच खरा क्रम आहे. शिबंदी, धान्य, हत्ती, सर्व काही त्या बांधावर अवलंबून होते.

म्हणूनच सत्ता बदलत गेल्या तरी माहूर कोणी सोडले नाही. येथे गोंडांचे राज्य होते. पंधराव्या शतकात अहमदशाह बहामनीने ते घेतले. पुढे महमूद गावानाने वऱ्हाडचे दोन भाग केले, तेव्हा एकाचे मुख्य ठिकाण गाविलगड व दुसऱ्याचे माहूर ठरले. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात माहूर नावाचा सरकार होता. इ. स. १६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळत आला. बादशाही फौज मागे लागलेली होती. त्याने जड सामान आणि हत्ती माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले आणि आपण हलका होऊन तेलंगणातून ओरिसाकडे निघून गेला. पळणारा राजपुत्र आपली दौलत वाटेल त्याच्या अंगणात टाकून जात नाही. डोंगराची किंमत त्याने बरोबर ओळखली होती.

या उदारामाच्या घराण्यातील सावित्रीबाई म्हणजे इतिहासात गाजलेली रायबागन. हा तिचा बादशाही किताब. शिवभारतकार कवींद्र परमानंदाने त्याचे संस्कृतात राजव्याघ्री असे रूप केले. तिच्यासंबंधी दोन शब्द बोलावे हा आजच्या भाषणाचा खरा हेतू. त्याकरिता आपणांस माहूर सोडून थोडा वेळ बोरघाटाच्या परिसरात यावे लागेल.

इ. स. १६६१ च्या प्रारंभी शायिस्ताखानाचा मुक्काम पुण्यास होता. त्याने कोकण जिंकण्यासाठी कारतलबखानास धाडले आणि बरोबर रायबागन दिली. खान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून अंबा नदीच्या अरुंद खिंडीत शिरला. तीच उंबरखिंड. दिवस होता २ फेब्रुवारी, म्हणजे माघ महिनाच. दोहों बाजूंस दाट झाडी, मध्ये एकामागून एक चालावे लागेल एवढी वाट, आणि पुढे-मागे शिवाजी महाराजांचे लोक आधीच दबा धरून बसलेले. तोंडे दोन्हीकडून बंद झाली. खानाचे सैन्य तहानेने व्याकूळ झाले. तेव्हा त्याने रायबागनीचा सल्ला विचारला, आणि तिने त्याला शरण जाण्यास सांगितले. खानाने वकील पाठवला, खंडणी व सामानसुमान देऊन जीव वाचवला, आणि मोगली फौज रिकाम्या हाताने परतली.

शाळेच्या पुस्तकांत हा प्रसंग येतो तेव्हा सारे तेज महाराजांच्या डावपेचास दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु रायबागन मात्र वाघीण म्हणवून घेणारी व वेळ येताच नमणारी, अशी काहीशी थट्टेची होऊन बसते. मुले हसतात. मी आयुष्यभर हा धडा शिकवला आहे, म्हणून हे हसू मला चांगले ठाऊक आहे. माझे मत मात्र असे की, त्या खिंडीतील मोगलांच्या बाजूस डोंगर कळणारी ती एकटीच होती. खान सपाटीच्या लढाईत वाढलेला. त्याच्या हिशेबात घोडे, तोफा आणि माणसे. माहूरच्या स्त्रीचा हिशेब निराळा पडला असला पाहिजे. पाणी कोणाच्या हाती, माथा कोणाच्या हाती, आणि परतीची वाट कोणाच्या हाती? तिन्हींचे उत्तर एकच आले, तेव्हा शौर्याचा प्रश्न उरलाच नव्हता. ज्या घराण्याने दोन सोंडांमधले पाणी अडवून बसलेला किल्ला सांभाळला, त्यातील बाईस हे कोणी शिकवावयास नको होते. तिच्या त्या एका शब्दाने कित्येकांचे प्राण वाचले, मोगलांचे आणि मावळ्यांचेही.

माघातील दुपारी किल्ल्याच्या तटावर उभे राहावे, म्हणजे हे पटते. घसा कोरडा पडलेला असतो, खाली पैनगंगेची रेघ दिसते आणि ती किती दूर आहे ते पायांस कळते. ही नदी बरीच वर्षे दोन राज्यांची सीमा होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यापासून पलीकडे त्यांचा अंमल, अलीकडे निजामाचा. माहूर ज्या किनवट तालुक्यात होते, तो आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडात आला तो १९५६ साली. त्यामुळे गावच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजाऱ्यांची बोली आजही कानी पडते.

असो. फेरीस निघणाऱ्यांनी सूर्योदयापूर्वी निघावे, पाणी जवळ बाळगावे, आणि ऊन कितीही कडक असले तरी छत्री घेतल्यावाचून जाऊ नये. मातृतीर्थावर घटकाभर बसून दत्तशिखर व अनसूयेचे शिखर करून उतरावयास सायंकाळ होते. ढग भरून आल्यास शिखराचा हट्ट सोडून देवळाच्या ओवरीत थांबावे. गारा फार वेळ पडत नाहीत. पाऊस उघडल्यानंतर पळसाच्या ओल्या फुलांखालची वाट निसरडी होते, तेवढी सांभाळून उतरावी.